दुबार नोंदी : काही टिपणे

नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी, नरसोबावाडी, नुसती वाडी. गाव एकच, पण यादीच्या रकान्यात त्याची चार गावं होतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ चे मोठे पूर पाहिले. पूरग्रस्तांची यादी चार हातांनी भरली गेली, की माणसंही दुबार होतात. म्हणून गावाचं नाव नव्हे, जनगणनेचा संकेतांक ताडावा.

*

कोटीभर ओळींची फाइल. प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रत्येकीशी ताडली तर सुमारे ५० लाख कोटी तुलना. आधी क्रम लावला तर पंचवीस कोटींच्या आत काम उरकतं, कारण सारख्या ओळी शेजारी येतात.

*

हॅश, म्हणजे ओळीतल्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, त्याहून सुटसुटीत. दर नोंदीला १६ बाइट धरले तर कोटीभर हॅश म्हणजे १६ कोटी बाइट. साधा लॅपटॉप पेलतो. फाइल फारच मोठी असेल तर हॅशच्या सुरुवातीच्या अंकांवरून तिचे तुकडे पाडायचे. सारख्या नोंदी एकाच तुकड्यात पडणार, म्हणून एकेक तुकडा स्वतंत्रपणे तपासता येतो. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

*

खरी मेहनत त्याआधीची. 'गोऱ्हे'मधला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो : ऱ ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, हॅश मात्र वेगळे. युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरणही हा भेद मिटवत नाही. नियम आपणच लिहायचा. शेवटची मोकळी जागा, दोन लिप्यांतले अंक, हेही तेव्हाच निस्तरायचं.

*

उलट बाजू, म्हणजे वेगळी माणसं एकसारखी दिसणं, जास्त नाजूक. वाडीत पुजारी आडनावाची कितीतरी घरं, आणि दत्ताच्या गावात दत्तात्रय नावाला काय तोटा? नाव-आडनाव जुळलं म्हणून ओळ खोडली तर एखाद्याची मदत बुडते. वडिलांचं नाव, जन्मतारीख, घर क्रमांक जुळल्याशिवाय हात लावू नये. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे टाकायला सांगितले. आधी खूण, मग माणसाकडे चौकशी : हाच क्रम मला पटतो.

*

दोनपैकी कोणती ओळ ठेवायची? ताजी ओळ नेहमीच पुरी नसते. एकीत बँक खातं असतं, दुसरीत मोबाइल. दोन्ही जोडून एक करावी, आणि गळालेल्या नोंदीचा क्रमांक कोणत्या नोंदीच्या क्रमांकात मिसळला याचं वेगळं कोष्टक जपावं. जुनी पावती घेऊन कुणी खिडकीशी आलं, तर त्याची नोंद त्यातूनच सापडेल.