गोळा धरला पाहिजे

माहुरात मटण शिजवायचं तर आधी वार बघावा लागतो. सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार रेणुकामातेचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. त्यातून श्रावण, नवरात्र, दत्तजयंती वजा करा. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्यासारख्या खाणाऱ्या घरांना वर्षात मोजकेच दिवस मिळतात. म्हणूनच असेल, मिळालेल्या रविवारी नुसता रस्सा करून भागत नाही, काहीतरी निगुतीचं करावंसं वाटतं. आमच्याकडे ते निगुतीचं म्हणजे खिम्याचे गोळे.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला फक्त गोळ्यांची आमटी यायची, हरभऱ्याच्या डाळीची. खिम्याचे कोफ्ते शिकवले शेजारच्या खालांनी. त्यांचं माहेर नांदेडचं आणि आजोळ हैदराबादचं. १९४८ पर्यंत आपला सगळा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, तेव्हा सोयरिकी तिकडे असायच्या आणि सोयरिकीबरोबर हातची चवही इकडे यायची. आमच्या घरात मटणाची भांडी वेगळी आणि चूलही परसातली, कारण सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, माळकरी. खाला भिंतीपलीकडून यायच्या आणि परसातच पाट घेऊन बसायच्या.

त्यांचा पहिला धडा खाटकाच्या दुकानातला. खिमा मागच्या मांडीचा घ्यायचा, पण थोडी चरबी राहू द्यायची. अगदी कोरडा खिमा शिजल्यावर भुशासारखा लागतो. मटण आधी धुऊन, निथळून मग खिमा करून घ्यायचा. खिमा झाल्यावर धुतला की तो पाणी धरतो आणि गोळा सैल पडतो. आमच्याकडचे खाटीक अजून ओंडक्यावर दोन सुऱ्यांनी खिमा तोडतात. यंत्रातल्यापेक्षा त्याला रवा राहतो.

दुसरा धडा मळण्याचा. अर्ध्या किलोला मीठ, आलं-लसूण, वाटलेली खसखस, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि दोन चमचे डाळव्याची पूड. मग तळहाताने परातीत रगडत राहायचं. सुरुवातीला खिमा सुटा असतो, बोटांतून निसटतो. थोड्या वेळाने त्याचा रंग फिका होतो, तो हाताला चिकटायला लागतो आणि परातीचा तळ स्वच्छ सुटतो. मी घाई केली की खाला म्हणायच्या, "जल्दी नक्को कर बेटा, उसकू पकड़ने दे." पुढे कळलं, की मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होतात, रगडल्याने एकमेकांना धरतात आणि आचेवर घट्ट होतात. बेसनाचा मारा करून गोळा बांधता येतो, पण मग तो भज्यासारखा लागतो. चैत्र-वैशाखात इथला पारा चाळिशीपार जातो. चरबी हातातच वितळायला लागली की पकड सुटते, म्हणून त्या दिवसांत मी सकाळी ऊन चढायच्या आत मळते आणि परात बर्फाच्या पाण्यावर ठेवते.

रस्सा आमचा, मराठवाडी. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला आणि घट्टपणाला चमचाभर येसर. खाला दह्याचा करायच्या. आमच्या घरी येसरच लागतो. रस्सा खदखदत असताना गोळे सोडायचे, लगेच आच कमी करायची आणि डाव घालायचा नाही. फडक्याने कान धरून पातेलंच हलवायचं. गोळ्याला बाहेरून कड आली, की मग तो मोडत नाही.

शामी कबाबाची तऱ्हा उलटी. त्यात खिमा आणि हरभऱ्याची डाळ आधीच एकत्र शिजवायची, पाणी पूर्ण आटवायचं आणि पाट्यावर वाटायचं. शिजलेलं मांस स्वतःहून चिकटत नाही, तिथे डाळच धरून ठेवते. जरा पाणी राहिलं की तव्यावर चिखल. हैदराबादकडच्या शिकमपुरीत याच वाटणाच्या पोटात दह्याचा चक्का, कांदा आणि पुदिना भरतात. दाताखाली तो आंबट गारवा आला की वाटणाचा खटाटोप वसूल होतो.

अंड्याचे कोफ्ते खालांनी ईदेला शिकवले. उकडलेलं अंडं गुळगुळीत, खिमा त्यावर थांबत नाही. ते आधी डाळव्याच्या कोरड्या पुडीत घोळवायचं, मग ओल्या हाताने सगळीकडून सारखा, पातळ खिमा लिंपायचा आणि मंद आचेवर तळायचं. सुरीने उभं कापलं की आत पांढरं-पिवळं. पोरांना हेच लागतात. कोंबडीचा खिमा मात्र मी पोरांच्या हट्टापायी करते. तो चिकटतो लवकर, पण चरबी कमी असल्याने जास्त शिजला की रबर होतो. त्यात चमचाभर तेल आणि बारीक कांदा घालावाच लागतो.

माझा भाचा नोकरीसाठी स्वीडनला गेला. तिथे गोळे घरोघरी करतात, असं तो सांगतो. गाय आणि डुकराचा खिमा मिसळून, त्यात दुधात भिजवलेला पाव कुस्करून, वर सायीचा रस्सा, बाजूला उकडलेले बटाटे आणि रानबोरांसारख्या लाल फळांचा मुरांबा. त्यांचा राजा बारावा चार्ल्स १७०९ मध्ये रशियाकडून हरला आणि काही वर्षं तुर्कांच्या आश्रयाला राहिला. तिथून त्याने ही कृती आणली, असं स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच २०१८ मध्ये जाहीर केलं आणि तिकडे एकच गहजब झाला. मला त्यातला दुधात भिजवलेला पाव महत्त्वाचा वाटला. आमची डाळव्याची पूड जे करते तेच तो करतो: मांसातून सुटणारा रस शोषून आतच ठेवतो. खालांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाव कायकू? डाळवा अच्छा."

आत्यांच्या चुलीवर मात्र राज्य गोळ्यांच्या आमटीचंच. भिजवलेली डाळ त्या भरड वाटतात, फार बारीक नाही, नाहीतर गोळा दगड होतो. जिरं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि आमटीला सणसणीत उकळी. खिमा मळायला शिकल्यावर मला त्यांची डाळ जास्त नीट कळली. डाळही हाताने फेसावी लागते; गोळा हलका होतो तो त्या फेसण्याने, सोड्याने नाही. मांसाहार न करणारी सासू आणि परसात खिमा मळणारी सून, दोघींचं त्यावर एकमत आहे.

आणखी एका गोष्टीवरही आहे. पातेलं डाळीचं असो की मटणाचं, सगळे गोळे एकदम सोडायचे नाहीत. आधी एकच सोडून बघायचा. फुटला तर अजून मळा, किंवा चिमूटभर पूड घाला. धरला तर बाकीचे सोडा. त्यातच मीठही कळतं. परसातला तो पहिला गोळा कुणाचा, यावरून माझ्या पोरांची दर रविवारी भांडणं होतात. आतल्या चुलीवरचा आत्यांचा असतो, आणि तो त्या कुणाला देत नाहीत.