रांग आणि बिल

डेट्रॉईटच्या दक्षिणेला कॅनडा आहे. नकाशा पाहिल्याशिवाय हे कुणाला पटत नाही, पण इथे नदीने असे वळण घेतले आहे की अमेरिकेतून कॅनडात यायला दक्षिणेकडे निघावे लागते. मी नदीच्या अलीकडे, विंडसरमध्ये राहतो. दादा पलीकडे, डेट्रॉईटच्या एका उपनगरात. दोन्ही घरांत वरणभात तोच, गणपतीची आरती तीच आणि पन्नाशीनंतरची दुखणीही तीच: साखर, रक्तदाब, गुडघे. वेगळे आहे ते दुखण्याच्या मागून येणारे सारे.

माझ्या पाकिटात ऑन्टारिओ प्रांताचे हेल्थ कार्ड असते. डॉक्टरांकडे ते दाखवले की पैशांचा विषय निघत नाही. इस्पितळात गेलो तर खिशातून जातात ते पार्किंगचे डॉलर, आणि त्यावरून आम्ही इथे मनसोक्त चिडतो. दादाला कंपनीचा चांगला विमा आहे. तरी वहिनींना एक फाइल ठेवावी लागते: कुठला डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे, विमा लागू होण्याआधी स्वतः भरायचे डिडक्टिबल किती भरून झाले, कुठला क्लेम नाकारला, अपील कधीपर्यंत करायचे. उलट गुडघ्याचा तज्ज्ञ मला काही महिन्यांनी भेटतो आणि दादाला पुढच्या आठवड्यात. जेवणावर वाद रंगतो तो इथेच. "तुमच्याकडे रांग," तो म्हणतो. "तुमच्याकडे बिल," मी म्हणतो.

दोघांचेही खरे आहे. डॉक्टर, खाटा, यंत्रे कुठल्याच देशात हवी तितकी नसतात. आधी कोण आणि नंतर कोण हे कुठेतरी ठरतेच. कॅनडात ते प्रतीक्षायादीवर ठरते, अमेरिकेत बरेचसे विम्यावर आणि ऐपतीवर. पण राजकारणाच्या दृष्टीने मला या दोहोंतला एक फरक फार मोठा वाटतो. रांग चारचौघांत असते. बिल लखोट्यातून घरी येते, एकेकट्याच्या नावाने. रांगेतल्या तक्रारीची मागणी होते. बिलाची होते ती घरातली काळजी.

अमेरिकेत विमा नोकरीला बांधला गेला तो काही कुणी नीट आखलेल्या धोरणातून नाही. महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. कामगार टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या, आणि त्यावर आयकर नसल्याने ती रीत रुजली. डेट्रॉईटच्या मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर हे राष्ट्रीय आरोग्य विम्याचे खंदे पुरस्कर्ते. पण राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची तशी योजना डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे बारगळत होती, तेव्हा रूथर यांनी 1950 मध्ये जनरल मोटर्सशी करार केला आणि निवृत्तिवेतनाबरोबर आरोग्य विम्याचा निम्मा खर्च कंपनीच्या गळी उतरवला. कामगारांचा तो विजयच होता. मात्र ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता ते आपल्या करारात सुरक्षित झाले आणि बाहेर उरलेल्यांचे वकील कमी झाले. 2019 च्या संपात याच कंपनीने संपकऱ्यांच्या विम्याचे पैसे काही दिवस थांबवले, तेव्हा त्या सुरक्षिततेची दोरी कुणाच्या हातात आहे हेही कळले.

कॅनडात सर्वांसाठीचा सरकारी विमा सुखासुखी आला असे मात्र नाही. पुढे सस्कॅचेवान प्रांताचे मुख्यमंत्री झालेले टॉमी डग्लस यांचा पाय लहानपणी कापायची वेळ आली होती. विनिपेगच्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट उपचार केले, म्हणून तो वाचला. तो निव्वळ योगायोग होता, ही गोष्ट डग्लस विसरले नाहीत. मुख्यमंत्री झाल्यावर 1947 मध्ये त्यांनी इस्पितळांचा खर्च प्रांतावर घेतला. डॉक्टरांच्या बिलांची योजना त्यांच्यामागून आलेल्या वुड्रो लॉइड यांनी 1 जुलै 1962 रोजी लागू केली आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. संप 23 दिवस चालला. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले. तडजोड झाली ती अशी की डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, दवाखाना त्यांचाच राहील, फक्त बिल सरकार भरेल. लॉइड 1964 ची निवडणूक हरले, पण जिंकलेल्यांनी योजना मोडली नाही. 1972 पर्यंत ती साऱ्या प्रांतांत पोहोचली.

कॅनडाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. इथे लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. दातांचे आणि औषधांचे पैसे वर्षानुवर्षे योजनेबाहेर राहिले. क्वेबेकच्या एका खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींनीच सुनावले की यादीत नाव असणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे. आमच्या विंडसरच्या तातडीच्या काही रुग्णांना तर प्रांत स्वतःच्या खर्चाने नदीपलीकडे डेट्रॉईटला पाठवतो. पण ही सारी दुखणी निवडणुकीत बोलली जातात, कारण त्या रांगेत वकीलही असतो आणि सफाई कामगारही.

बिलही कधीतरी चारचौघांत येते. जुलै 2019 मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स अमेरिकेतल्या मधुमेही रुग्णांबरोबर डेट्रॉईटहून विंडसरला आले ते इन्शुलिन विकत घ्यायला. ज्या औषधाचे पेटंट संशोधकांनी टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले, त्यासाठी माणसे सीमा ओलांडत होती आणि कॅमेरे ते टिपत होते. पुढे 2022 च्या कायद्याने मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या ज्येष्ठांचा इन्शुलिनचा खर्च महिन्याला 35 डॉलरवर आणला. ज्येष्ठांना मिळाले, तरुणांचे घोंगडे भिजतच राहिले.

रांग आणि बिल आपल्याकडेही आहेत. पुण्याला आलो की मित्रांच्या गप्पांत मेडिक्लेमचा हप्ता आणि कॅशलेसची भानगड निघतेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आहे, ही मोठी गोष्ट आहे. तरीही कॅशलेस कार्डवाले आणि सरकारी ससून इस्पितळाच्या ओपीडीत सकाळपासून उभे असलेले एकमेकांना कधी भेटत नाहीत. ज्यांचे आमदार ऐकतो ते त्या रांगेतून केव्हाच निघून गेले आहेत.

विमा जरूर घ्या. आज त्यावाचून गत्यंतर नाही. पण तो घेतला म्हणून सरकारी इस्पितळाचा प्रश्न आपल्यापुरता मिटला असे समजू नका. पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आले तर एवढेच विचारा: तुमच्या घरातले आजारी पडले की कुठल्या इस्पितळात जातात?