दमाची गाडी : काही टिपणे

डॉज रॅम या अमेरिकन पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल इंजिन १९८९ मध्ये आलं. ताकद अवघी १६० अश्वशक्ती, टॉर्क मात्र ४०० पौंड-फूट. मुळात हे इंजिन ट्रकांचं आणि बांधकामाच्या यंत्रांचं, पिकअपच्या बॉनेटखाली ते मावलं हेच नवल. ते देतं त्याहून बरंच जास्त सोसू शकतं, हे लोकांना लवकरच कळलं आणि तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवताहेत.

*

शौकिनांचा खरा जीव १९९४ ते १९९८ च्या ‘बारा व्हॉल्व्ह’ गाड्यांवर. कारण बॉशचा पी-७१०० पंप : पूर्ण यांत्रिक, कॉम्प्युटरची लुडबुड नाही. गव्हर्नरच्या बाजूला झाकणाखाली एक छोटी पोलादी पट्टी असते. जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते ती ठरवते. ती सरकवा, नाहीतर कानशीने घासा, की डिझेल वाढलं. खर्च कानशीचा. मग सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि मालकाला टर्बोची आठवण होते.

*

टर्बोने ताकद वाढते, असं सगळेच म्हणतात. ताकद डिझेलची असते. टर्बो फक्त ते जळायला हवा पुरवतो. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणीच नसली तर घरभर धूर होतो, तसं. उलटंही तितकंच खरं : पंपाला हात न लावता नुसता मोठा टर्बो बसवला तर पैसे गेले. पंखा जड, त्याला फिरवायला इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू पुरेसा नाही. सिग्नल सुटल्यावर गाडी आधी विचार करते, मग निघते.

*

म्हणून माझ्या मते पहिली खरेदी टर्बोची नव्हे, पायरोमीटरची, म्हणजे त्या वायूचं तापमान दाखवणाऱ्या मीटरची. टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून त्याची काडी आत बसवतात. १२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७५ सेल्सिअस, ही बऱ्याच जणांनी सतत चालवण्यासाठी मानलेली मर्यादा. पिस्टन अॅल्युमिनियमचे आहेत, हे विसरायचं नाही. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दहा सेकंद पळवली तर काटा वर जाऊन खाली येतो. पण मागे जड ट्रेलर आणि समोर डेन्व्हरच्या पश्चिमेची आय-७० महामार्गाची चढण असेल, तर काटा वर जातो तो तिथेच बसतो. त्या वाटेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. तिथे हवाच विरळ. नेमकी मोठ्या टर्बोची गरज तिथे असते, शर्यतीत नाही.

*

बूस्ट मीटरवर, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाच्या काट्यावर, भुलू नये. तोच ३० पीएसआय लहान टर्बोने धापा टाकत दिला तर हवा तापलेली असते. मोठ्याने आरामात दिला तर थंड, म्हणून दाट. काटा दोन्हीकडे सारखाच.

*

बारा व्हॉल्व्ह गाड्यांचा मूळचा टर्बो होल्सेट कंपनीचा एचएक्स-३५. टर्बाइनच्या घरावर ‘१२’ असा आकडा ओतलेला दिसतो. तो वायूच्या वाटेचा चौरस सेंटीमीटरमधला आकार. एचएक्स-४० चा हवेकडचा पंखा आणि ३५ चं वायूकडचं अंग, असा संकरही पुष्कळ जण करतात. ट्रेलर ओढणाऱ्याला मला हाच बरा वाटतो : लवकर जागा होतो आणि वर हवाही पुरवतो.

*

बसवताना : अमेरिकेत उत्तरेकडच्या राज्यांत बर्फावर मीठ टाकतात, त्यामुळे मॅनिफोल्डचे चार नट गंजून स्टडशी एकजीव झालेले असतात. आदल्या रात्रीच तेल मारून ठेवावं, नाहीतर स्टड तुटतो. नव्या टर्बोचा पंखा बाजूला किंचित हलतो, त्याने घाबरायचं नाही. ऑइल आलं की तो तरंगतो. आत-बाहेर हलता कामा नये. चालू करण्याआधी ऑइलच्या भोकात तेल ओतून पंखा बोटाने फिरवायचा. हा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, पहिले काही सेकंद कोरडे गेले तर बुश तिथेच संपतं. परतीची ऑइल लाइन सरळ खाली उतरलेली हवी.

*

होल्सेट मूळची इंग्लंडातल्या हडर्सफिल्डची, १९७३ मध्ये कमिन्सने घेतली. कमिन्स पुण्यात १९६२ पासून. आणि पिकअपमधलं इंजिन ज्या बी-मालिकेचं, त्याच मालिकेची इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटाच्या ट्रकांत आली. कंपनीचा आणखी एक कारखाना फलटणला आहे. घाट चढून आल्यावर आपला जुना ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करत नाही, थोडा वेळ तसंच चालू ठेवतो. तापलेल्या टर्बोला आधी निवू द्यायचं, हे शास्त्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं. टेक्सासातला पिकअपवालाही तेच करतो.

*

कायदा. नव्या गाड्यांतले धूर-नियंत्रणाचे भाग काढणं अमेरिकेच्या क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदेशीर आहे. दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून ते काढले गेले, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा २०२० चा अंदाज. मुद्दाम काळा धूर सोडत सायकलवाल्याशेजारून जाणारे असतात, त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. शिवाय तो धूर म्हणजे न जळलेलं, विकत घेतलेलं डिझेल.

*

हवा वाढली, डिझेल वाढलं, काटाही ताब्यात आला. आता हेड गॅस्केट कुरकुरतं, म्हणून चांगले हेड स्टड. मग ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घसरायला लागतो, मॅन्युअल असेल तर क्लच. तो खर्च टर्बोपेक्षा मोठा निघतो, आणि दुकानदार तो आधी सांगत नाही.