डावा पाय

मुलांना फुटबॉल शिकविणे म्हणजे एक चेंडू आणि वीस-बावीस मुले मैदानात सोडून द्यावयाची व आपण शिटी घेऊन कडेला उभे राहावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. मुले धावतात, धापा टाकतात, घरी जाऊन चार घास अधिक जेवतात. यापलीकडे त्यात शिकण्यासारखे ते काय असणार? नोकरीच्या निमित्ताने आम्ही उज्जैनला येऊन राहिलो आणि संध्याकाळी आळीतील मुलांना घेऊन मैदानावर जाऊ लागलो, तेव्हा शेजारच्या मंडळींनी आम्हांला हेच विचारले.

वास्तविक उज्जैनकरांनी असे विचारू नये. शिंद्यांच्या काळापासून मराठी माणसे या नगरीत नांदत आली आहेत, आणि मल्लखांब येथे चांगला रुजला आहे. मध्य प्रदेश सरकारने २०१३ साली त्याला राज्याच्या खेळाचा मान दिला. येथील योगेश मालवीय यांना मल्लखांबाचे प्रशिक्षक म्हणून २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खांबावर चढणाऱ्या मुलाला पकड शिकवावी लागते, हे येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. चेंडू अडविणाऱ्या पायालाही शिक्षण लागते, एवढेच काय ते पटत नाही.

आपल्या गावांना मात्र हा खेळ परका नाही. गोव्यात शिवोलीला १८८३ साली फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी तो आणला, आणि तेव्हापासून देवळाशेजारचे मोकळे मैदान व फुटबॉल यांची जोडी जमली ती जमलीच. त्याच गोव्याच्या मातीतले, मुंबईत नावारूपास आलेले नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला, आणि स्पर्धेत आपला संघ चौथा आला. हे तीन गोल वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही ऐकू येतात. पण त्या संघाला घडविणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर. म्हणूनच की काय, त्यांच्या युक्त्या वर्गातल्या मास्तराला शोभतील अशा होत्या. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू घेऊन हुलकावण्या देत पळण्यास मनाई. आला की लगेच दुसऱ्याला द्यावयाचा. आणखी एका प्रकारच्या स्पर्धेत खेळाडूने आपल्या कच्च्या पायानेच खेळावयाचे. ही दुसरी युक्ती आम्ही उचलली. आठवड्यातून एक दिवस आमच्या मैदानावर उजवा पाय वर्ज्य असतो.

पहिल्या दिवशी हलकल्लोळ झाला. 'सर, उलटा पैर तो चलता ही नी!' असे ओरडत अर्धी मुले चेंडूऐवजी हवेलाच लाथा मारीत होती. चालत नाही, कारण त्याला कोणी चालविलेलेच नसते. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी आणि बोटे जिकडे चेंडू धाडावयाचा तिकडे. मारणारा घोटा ताठ. फटका पंज्याच्या आतल्या बाजूने. एवढे तीन नियम, भिंतीवर रोज शंभर वेळा. उज्जैनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि चेंडू भलतीकडेच उसळतो. तेव्हा भिंतच अधिक विश्वासू.

डावपेचांविषयी आमचे मत जरा निराळे आहे. बारा वर्षांच्या मुलाला फळ्यावर बाण काढून दाखविणे म्हणजे खडूचा नास. चौघांविरुद्ध चौघे, लहानशा जागेत खेळवावे; ज्याच्या पायात चेंडू आहे त्याला द्यावयास दोन सोबती मोकळे असलेच पाहिजेत, एवढेच मागावे. चेंडू येत असता आम्ही मुलाच्या पाठीमागे बोटे उभारतो आणि किती ते विचारतो. ज्याने चेंडू पोहोचण्यापूर्वी मान वळवून पाहिले, त्यालाच उत्तर देता येते. बचाव करणाऱ्याला सांगतो की, अंगावर धावून जाऊ नकोस. त्याचा पक्का पाय तेवढा अडव आणि त्याला कच्च्या पायाकडे ढकलीत ने.

आमच्यात एक तेरा वर्षांचा मुलगा होता. वाऱ्यासारखा पळे, चार जणांना चकवी, आणि चेंडू कोणाला देत नसे. डाव्या पायाच्या दिवशी तोच सर्वांत केविलवाणा दिसे. उलट एरवी कडेला उभा राहणारा एक किरकोळ, अबोल मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे. तो जन्माचा डावखुरा निघाला! मुले हसली. आमचा वाघ चार दिवस मैदानाकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी त्याचे वडील आले, मराठीच गृहस्थ. म्हणाले, "मास्तर, देवाने दिलेला चांगला पाय बांधून घालता आणि पोराचे हसे करता, ही कुठली रीत?" आम्ही हसणाऱ्यांना आवरण्याचे कबूल केले, रीत सोडण्याचे कबूल केले नाही. "तो जितका चांगला, तितके समोरचे त्याचा उजवा पाय आधी ओळखणार," एवढेच म्हणालो. ते काही न बोलता गेले. मुलगा येईल की कायमचा जाईल, या विचाराने त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, हेही सांगून टाकतो. दोन दिवसांनी पाहिले, तर तो आमच्या आधी येऊन एकटाच भिंतीवर चेंडू मारीत होता.

पुढे शेजारच्या वस्तीतील संघाशी सामना झाला. त्यांचा शिक्षक हुशार होता. त्याने एक मुलगा आमच्या वाघाच्या उजव्या अंगाला असा चिकटवून दिला की, पूर्वार्धात त्याचे काही चालेना. त्यांनी एक गोल केला. सामना संपत आला असता तो पुन्हा तसाच कोंडला गेला. या वेळी त्याने मान वळविली, चेंडू डाव्या पायावर घेतला आणि दोघांच्या मधून त्या अबोल मुलापुढे सरळ सोडला. समोर फक्त गोलरक्षक. पोराने डोळे मिटून फटका मारला आणि चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

आम्ही हरलो. वडील कडेला उभे होते, जवळ येऊन त्यांनी विचारले, "तो पास डाव्या पायाचाच ना?"