कच्चं लिंबू

पोरांच्या खेळात कच्चं लिंबू ज्यानं पहिल्यांदा आणलं, त्या अनामिक पोराचा कुठंतरी पुतळा असायला हवा होता, असं मला पुष्कळदा वाटतं. लपंडाव असो की शिवाशिवी, धाकट्या भावंडाला खेळात घ्यावं तर लागतंच. पण राज्य आलं की ते भोकाड पसरणार आणि खेळ मोडणार. मग त्याला कच्चं लिंबू ठरवायचं. त्यानं खुशाल पळावं, ओरडावं, बाद व्हावं. त्याच्यावर राज्य येत नाही. वरवर पाहता ही नुसती दया. पण वर्षभरात ते लिंबू पिकतं, आणि त्याला शिकवायला म्हणून कुणीच बसलेलं नसतं!

हे सुचलं ते संगणकामुळं. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि शासकीय नोकरांना ती परीक्षा सक्तीची झाली. जळगावातल्या अशाच एका वर्गात आम्ही पन्नाशीकडे झुकलेले कारकून, तलाठी, ग्रामसेवक संध्याकाळी जाऊन बसत असू. पंचवीस वर्षं फायलींवर शेरे मारलेले हात, पण तो माउस हातात आला की थरथरायचे. बाण एकीकडे, हात दुसरीकडे. आमच्या मुलीच्या वयाची शिक्षिका ते दोन दिवस पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, आज शिकायचं काही नाही. पत्ते खेळा."

खानदेशी माणसाला पत्ते खेळा म्हणायचं, आणि तेही आखाजी नसताना! अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. माहेरवाशिणी झोक्यावर, सालदाराचं जुनं साल संपून नवं सुरू झालेलं, आणि पुरुषमंडळी निंबाखाली पत्ते कुटताहेत. एरवी पत्त्यांना हात लावू न देणारा बापही त्या दिवशी दुसरीकडे पाहतो. ती मुभा आम्हाला भर पावसाळ्यात मिळाली.

तो एकट्यानं खेळायचा डाव होता, सॉलिटेअर. पान दाबून धरायचं, ओढत न्यायचं, जागेवर सोडायचं. चुकलं तर पान मुकाट्यानं आपल्या जागी परत जातं. चाल मागे घ्यायची सोय आहे. डाव फसला तर नवा वाटून मिळतो. चार दिवसांत आमचे हात असे सैल झाले की पाचव्या दिवशी तिनं पत्रव्यवहार शिकवायला घेतला तेव्हा कुणाला धास्ती वाटली नाही.

ही युक्ती काही तिची एकटीची नव्हे. डग्लस एंगेलबार्टनं १९६८ साली सॅनफ्रान्सिस्कोत भरसभेत माउस चालवून दाखवला. पण तो घराघरांत, कचेऱ्यांत शिरायला पुढं वीस-बावीस वर्षं लागली. १९९० साली मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर हा डाव फुकट दिला, तो लोकांचा हात माउसला सरावावा म्हणूनही. वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यानं तो रचला, पानांची चित्रं सुझन केअरनं काढली. चेरीला त्याबद्दल मानधनाची दमडी मिळाली नाही म्हणतात. अर्ध्या जगाला शिकवणाऱ्या मास्तरांचं आपल्याकडेही फारसं निराळं होत नाही.

माणूस आणि संगणक यांचं जुळतं कसं, याचा अभ्यास करणारी आता एक स्वतंत्र विद्या झाली आहे. त्या विद्येतले लोक डच पंडित योहान हुइझिंगा याच्या १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स', म्हणजे 'खेळणारा माणूस', या ग्रंथाचं नाव आदरानं घेतात. मौज अशी की या हुइझिंगानं १८९७ साली डॉक्टरेट मिळवली ती संस्कृत नाटकातल्या विदूषकावर प्रबंध लिहून! त्याच्याच वाटेनं जाणाऱ्या बिल गेव्हर या संशोधकानं लंडनमध्ये एक मेज बनवलं. त्याच्या मधोमध लहानसा झरोका. मेजावर वजन ठेवावं तिकडं झरोक्यातली विमानातून दिसणारी इंग्लंडची भूमी हळूहळू सरकत जाते. उपयोग? काहीही नाही. झोक्याचा तरी काय असतो?

आता माझी कुरकुर. खेळात ही उदारता दाखवणारी यंत्रं कामाच्या वेळी कशी निष्ठुर होतात! माझी थोरली बहीण आक्का भुसावळला असते. मेंढीकोटला बसली की चारही दश्श्या ओढून घेईल अशी खमकी बाई. तिला यजमानांमागं निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो यंत्रावर बोट ठेवून देता येतो. पण भाकऱ्या थापून आणि जातं ओढून गुळगुळीत झालेलं तिचं बोट यंत्राला वाचता येईना. एका कचेरीत तिला तीन खेटे पडले. "मी जित्ती हाये का नाही, हे आता या डबीले इचारा लागते का?" असं म्हणाली, हसली, पण घरी येऊन जेवली नाही. त्या पैशावर तिचं औषधपाणी चालतं.

२०२१ च्या नोव्हेंबरापासून मोबाइलला चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. पडदा सांगतो, डोळे मिचकावा. आक्का घाबरून डोळे गच्च मिटून घेई. 'चुकीचं दाबलं आन् पैसे गेले तर?' तालमीचा डाव त्यात ठेवलेला नाही. पैशाच्या किंवा सरकारी कामाच्या कुठल्याही पडद्यावर खोट्या शंभर रुपयांचं खातं उघडून "आधी इथं हरा" असं म्हणणारी सोय माझ्या पाहण्यात आलेली नाही. ती करायला कितीसा खर्च येईल? शेवटी नातीनं युक्ती काढली. मोबाइलचा साधा कॅमेरा आक्कासमोर धरला आणि दोघी तासभर एकमेकींना डोळे मिचकावत बसल्या. दुसऱ्या दिवशी खरा दाखला पहिल्या फटक्यात झाला.

मग मी तिच्या मोबाइलवर 'स्वरचक्र' घालून दिलं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या मंडळींनी २०१३ साली बनवलेला हा कळफलक. अक्षरं पाटीवरच्या क्रमानं. 'ख'वर बोट टेकलं की भोवती चाक फिरावं तशी खा, खि, खी, खु उमटतात, हव्या त्या बाजूला बोट सरकवून उचलायचं. यात पैसे जात नाहीत, हे तिनं दोनदा विचारून घेतलं. पहिला आठवडाभर ती नुसतं खू खू, भौ भौ लिहून पुसत होती. परवा मला तिचा निरोप आला: "दिवाळीले ये. तीन भिडू हायेत. चौथा पाह्यजे."