पॅटन, खय्याम आणि द्राक्षांची पेटी

मुलाला मोटारींचं वेड. आठवीत आहे, पण मागून येणारी गाडी कुठली ते नुसत्या आवाजावरून सांगतो. हे त्याच्या अब्बांकडून आलेलं. त्यांचं कल्याणला गॅरेज आहे. "अम्मी, गाड्यांचं म्युझियम दाखव" हा तगादा दोन वर्षं चालला होता. शेवटी जानेवारीअखेरच्या एका शनिवारी फज्र पढून निघालो, नगरला. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर नगरच येतं. मुरबाडकडे जाणारा आपला रस्ताच माळशेज चढून, ओतूर-आळेफाटा करत थेट तिथे पोचतो.

नगरचं रणगाडा संग्रहालय लष्कराचं, 1994 पासूनचं. पोरगा आधी हिरमुसला. "या काय गाड्या आहेत?" मग रोल्स-रॉइस दिसली. सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून केलेली चिलखती मोटार, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. राजेरजवाड्यांची गाडी, आणि तिच्यावर मशिनगन! यांनी तर चपला काढायच्या बाकी ठेवल्या. सहा सिलिंडर, एवढं वजन, त्या काळातले टायर. बाप-लेक अर्धा तास तिथून हलेनात. मी तोवर माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल अशी नावं वाचत पुढे गेले. रणगाड्यांना इतकी सौम्य नावं का ठेवत असतील?

मग पॅटन आला. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेला, आपल्या लष्कराने पकडून आणलेला. समोर कुठल्याशा सहलीची मुलं फोटो काढत होती, घोषणा देत होती. माझा मुलगा मोबाइल हातात धरून मागे उभा. गर्दी पांगल्यावर हळूच म्हणाला, "मी काढला तर चालेल ना?"

मी वीस वर्षं शिक्षिका आहे. बीएडला असताना मुलांच्या प्रश्नांना उत्तरं कशी द्यावीत याचे तास झाले होते. या प्रश्नाचा झाला नव्हता. म्हणून नेहमीचं उत्तर काढलं. 1965, खेमकरण, असल उत्तर, हवालदार अब्दुल हमीद. एका जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी असेच पॅटन फोडले, 10 सप्टेंबरला शहीद झाले, परमवीरचक्र मिळालं. एवढे पॅटन तिथे पडले होते की त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

"माहितेय," तो म्हणाला. "दर वेळी तू हेच सांगतेस."

खरं होतं. पोराने फोटोची परवानगी विचारली होती आणि मी त्याच्या हातात दाखला ठेवत होते. हमीदसाहेबांना आपण किती वेळा साक्षीला उभं करणार? त्यांनी काम केलं, संपलं. तेवढ्यात हे आले. काय चाललंय ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. "अरे, पट्टा बघ याचा! एका बाजूला किती कड्या आहेत, मोज." दोघं मोजायला बसले.

रात्री नणंदेकडे मुक्काम. रविवारी परतताना आळेफाट्याला डावीकडे वळून नारायणगावला गेलो. तिथे यांच्या एका गिऱ्हाइकाची द्राक्षबाग आहे. हा वाइनचा मुलूख. 1980 च्या दशकात इथल्याच शातो इंडाजने फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन केली आणि परदेशी पाठवताना तिला नाव दिलं, उमर खय्याम! फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या होत्या. नारायणगावने त्याला बाटलीत भरलं. मला हसू आवरेना. वर्गात साकी, जाम, मैखाना समजावताना माझी जीभ अडखळत नाही, पण त्या वस्तूचा वास कसा असतो हे मला आजतागायत माहीत नाही. मुली विचारतात, "मॅडम, शायर खरंच प्यायचे?" मी म्हणते, "परीक्षेत 'प्रतीक' लिहा."

बागमालक काका वयस्कर. घड तोडून हातात देण्याआधीच घाईने म्हणाले, "ताई, ही खायची द्राक्षं बरं का. वाइनची वेगळी असतात, बारीक, बियांची. ही लेकराला बिनघोर द्या."

आम्ही काही विचारलं नव्हतं. माझा चेहरा त्यांनी कधी वाचला? द्राक्ष कुठलंही असो, हलालच आहे, हरकत पुढच्या प्रकाराला आहे, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण त्यांनी एवढ्या मायेने काळजी घेतली होती की मी नुसतं "बरं झालं सांगितलंत" म्हटलं. काळी जंबो द्राक्षं, जांभळाएवढाली. पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी गाडीच्या पुढच्या सर्व्हिसिंगवर तोड निघाली.

माळशेजला मगरिब झाली. घाटाच्या कठड्यापाशी नमाज पढलो, पेटी उघडली. मुलगा मोबाइलमधले फोटो दाखवत होता. पॅटनचा एकच होता. त्यात तोफ नाही, झेंडा नाही, तो स्वतःही नाही. नुसता पट्टा, आणि कोपऱ्यात कड्या मोजणारं त्याच्या अब्बांचं काळं पडलेलं बोट.

"किती भरल्या?" मी विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला. "मध्येच अब्बांनी पहिल्यापासून मोजायला लावलं."