उजवा पाय आणि गझल

सुरेश भटांची गझल वर्गात शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य हमखास उच्चारीत असू: ‘पायाने दिलेली वेदना या कवीने शब्दांत उतरवली.’ विद्यार्थी ते वहीत टिपून घेत आणि उत्तरपत्रिकेत आम्हालाच परत करीत. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या भटांना वयाच्या अडीचाव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय जन्मभर अधू राहिला, एवढेच भांडवल त्या वाक्यामागे होते. पोलिओ शरीरात नेमके काय करतो हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि त्याची खंतही नव्हती.

एकदा अकोल्याला ताईपुढे आम्ही हे वाक्य बोलून गेलो. ताई आमच्याहून सात वर्षांनी मोठी. बालपणीच्या तापात तिचाही डावा पाय गेला; लस तेव्हा वऱ्हाडातल्या घराघरांत पोचलेली नव्हती. गहू निवडता निवडता तिने मान वर केली आणि विचारले, “मंग मले काऊन नाही सुचली रे एकही गझल?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्याची वेळ आली ती फार उशिरा, साठी ओलांडल्यावर ताईचा चांगला पायही थकू लागला तेव्हा. अमरावतीच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला तपासले आणि कागदावर आकृती काढून आम्हांला समजावले.

पाय उचलण्याची इच्छा मेंदूत उमटते आणि तिथल्या चेतापेशी तो निरोप पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत आणतात. तिथे दुसरी चेतापेशी तो स्वीकारते. तिचा तंतू प्रौढ माणसात जवळजवळ एक मीटर लांब, थेट पावलाच्या स्नायूपर्यंत गेलेला असतो. एरवी पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. निरोप येताच सोडियमचे आयन आत शिरतात, क्षणभर हा तोल उलटतो आणि ती लाट तंतूवरून धावत जाते. टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायू आकुंचन पावतो. अशी एकेक पेशी स्नायूचे शेकडो धागे सांभाळते.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे येतो आणि आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना तो काहीच करीत नाही. सुमारे दोनशेंत एकाला पक्षाघात होतो. त्या एकाच्या मज्जारज्जूतील, हुकूम पोचवणाऱ्या नेमक्या याच पेशी तो मारतो. संवेदना वाहून नेणाऱ्या पेशी शाबूत राहतात. पायाला चटका कळतो, काटा कळतो. मेंदूचा हुकूमही निघतो, फक्त तो पुढे नेणारे कुणी उरलेले नसते.

मग वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि पोरके झालेले धागे दत्तक घेतात. काही मुले पुन्हा चालू लागतात ती यामुळे. परंतु नेहमीच्या कितीतरी पट ओझे वाहून, तीस-चाळीस वर्षांनी, त्या पेशी थकतात आणि फाटे गळू लागतात. वरकरणी धडधाकट राहिलेल्या पायालाही हे चुकत नाही, कारण विषाणूने तिथल्या काही पेशीही त्या वेळी मारलेल्या असतात. ताईचे तेच झाले होते.

परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर मागे पडले तेव्हा, आमच्या मनात नवे रूपक तयार होऊ लागले: दत्तक धागे, थकलेली माया वगैरे. ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “जिंदगीभर सारे म्हनले, चाल बाई चाल; आता म्हन्ते बस.” डॉक्टरांनी श्रम जपून वापरायला सांगितले होते. साठ वर्षे ज्या जिद्दीचे कौतुक झाले तीच आता आवरायची होती. रूपक तिथेच राहिले.

त्यानंतर भटांकडे आम्ही पुन्हा गेलो. आईची काव्याची आवड, उर्दू गझलेचा व्यासंग, वृत्तावरची हुकमत, ‘रूपगंधा’ (१९६१) ते ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) हा प्रवास, नवोदितांसाठी लिहिलेली ‘गझलेची बाराखडी’: हे सारे कष्टाने मिळवलेले होते. त्याचे श्रेय आम्ही एका विषाणूला देत आलो होतो. आजाराने त्यांना दुःख दिले नसेल असे नाही. पण दुःखाची गझल आपोआप होत नाही, हे ताईने एका प्रश्नात सांगितले होते.

भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमध्ये आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त घोषित झाला. समोरच्या बाकांवरील मुलांनी हा आजार पाहिलेला नाही. म्हणून भटांचा पाठ आला की आम्ही आधी फळ्यावर ती चेतापेशी काढतो आणि मगच गझलेकडे वळतो. जुने वाक्य आता बोलत नाही.

ताई खुर्चीवर बसून पोळ्या लाटते. मध्येच थांबते. थांबणे तिला अजून जमत नाही.